मुळांतले निळे धागे

दहा वर्षं मी एका कोळशाच्या खाणीची माती हाताळत होते, आणि खाण मात्र एकदाही पाहिली नव्हती. खाण विदर्भात, मी तळेगाव दाभाड्यात. घोरावाडी स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटांवर एका जुन्या बंगल्यात आमची प्रयोगशाळा आहे. खालच्या खोलीत शेतकऱ्यांच्या मातीची तपासणी चालते आणि वरच्या खोलीत, खिडकीशी, सूक्ष्मदर्शक आहेत. त्या खिडकीशी माझी खुर्ची. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींवर बुरशी चढते. नवरा म्हणायचा, "तुझं काम मजेशीर आहे. भिंतीवरची बुरशी पुसायची आणि मुळांतली शोधत बसायची."

ते खरंच होतं. आमच्या सरांनी मी येण्याच्या थोडं आधी त्या खाणीवर एक प्रयोग सुरू केला होता. उघड्या खाणीत कोळसा काढायच्या आधी वरची माती, मुरूम, दगड सगळं उपसून बाजूला टाकतात. त्याचे डोंगर होतात. पाऊस पडला की ते वाहतात, ऊन पडलं की भाजून निघतात, आणि त्यात जीव असा काही राहत नाही. अशाच एका डोंगरावर, खालच्या उतारापासून वरच्या उतारापर्यंत, सरांनी दोन पट्ट्यांत झाडं लावून घेतली होती. झाडं दोन्हीकडे तीच, शिसव, करंज, आवळा, बांबू. फरक एवढाच, की एका पट्ट्यात खड्ड्यात नुसतं शेणखत घातलं आणि दुसऱ्यात शेणखताबरोबर जवळच्या जंगलातली मूठभर माती. जंगलाच्या मातीत एक बुरशी असते. तिचा धागा झाडाच्या मुळात शिरतो, झाडाकडून साखर घेतो आणि बदल्यात लांबून पाणी आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देतो. ती बुरशी त्या मेलेल्या मातीत परत रुजते का, हे सरांना बघायचं होतं.

दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी खाणीवरून मुळांच्या पिशव्या यायच्या. मी ती मुळं धुवायचे, पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करायचे, निळ्या रंगात बुडवायचे, बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून काचपट्टीवर ओळीत मांडायचे आणि वरची काच नेलपॉलिशने बंद करायचे. मुळात बुरशी असेल तर निळी दिसते. किती तुकड्यांत आहे, किती तुकड्यांत नाही, ते मोजून मी सरांना द्यायचे. जंगलाच्या मातीच्या पट्ट्याचे आकडे दरवर्षी चढत होते. सर तो कागद हातात घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "येतंय. हळूहळू सगळं परत येतंय." मग स्वतः चहा टाकायचे. वर्षातून एकदाच सर स्वतः चहा टाकत, आणि तो मला.

मग ती आली.

प्रयोगशाळेतली नवी सहायक, टाकवे बुद्रुकची. माहेर-सासर दोन्ही तिथलंच, घरी भाताची शेती. वय तिशीच्या आतबाहेर. लग्नानंतर तिने पुण्याला ये-जा करून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. सकाळी सासरे तिला मोटारसायकलवर कान्ह्याला सोडायचे, तिथून लोकलने ती घोरावाडीला उतरायची. मी बी.एस्सी.नंतर लग्न केलं आणि थांबले, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पहिल्या दिवशी मी तिला मुळं धुवायला शिकवायला गेले. मी म्हटलं, "नळाखाली धरायची नाहीत, बारीक मुळं तुटतात. चाळणीत ठेवून..." माझं बोलणं संपेपर्यंत तिने मातीचा गोळा परातीतल्या पाण्यात सोडला होता आणि बोटांनी असा काही मोकळा करत होती की केसाएवढं मूळही तुटलं नाही.

"कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात, ताई? भाताचं रोप उपटून धुतोच की आम्ही. लावणीला."

मी हसले. मनात मात्र काहीतरी टोचलं. मला ते हलक्या हाताने धुणं जमायला दोन वर्षं लागली होती.

महिनाभरात सरांचं वर येणं वाढलं. आधी ते माझ्या टेबलाशी थांबायचे, आता तिच्या. ती पेन्सिलने मुळांची चित्रं काढायची. पेशींच्या आत ती बुरशी बारीक झुडपासारखी फांद्या फुटून पसरते, तेही ती इतकं नेमकं काढायची की सरांनी तिची दोन चित्रं भिंतीला लावली. दहा वर्षांत माझं काही भिंतीला लागलं नव्हतं. अर्थात मी चित्रं काढतच नव्हते. पण त्या दिवसांत मला असले हिशोब सुचत नव्हते.

शहाण्या बाईने सांगू नयेत अशा गोष्टी मी केल्या. आमच्याकडे एकच बारीक टोकाचा चांगला चिमटा होता. तो मी माझ्या खणात ठेवायला लागले. ती शोधायची, इकडेतिकडे बघायची, मग जाड चिमट्याने काम करायची. मी मान खाली घालून बघत राहायचे. ती डब्यात इंद्रायणीचा भात आणायची. सगळे वास घेऊन वाहवा करायचे आणि मी म्हणायचे, "मला हल्ली भात जड जातो." घरी आल्यावर मात्र नवऱ्यापुढे तिचंच पुराण. ती आज काय बोलली, सर काय म्हणाले, ती कशी हसली. एकदा नवरा म्हणाला, "तू आता दूधवाल्यालाही तिच्याबद्दल सांगून बसशील." मुलगी हसली. मी दोघांवर चिडले आणि भांडी आपटत घासली.

सप्टेंबरात पिशव्या आल्या. सर म्हणाले, "या वेळी मोजणी तिला करू दे. तुम्ही खालच्या मातीच्या तपासण्या उरका, खूप साठल्यात." साठल्या होत्या हे खरं होतं. तरी दहा वर्षांचं माझं काम कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतंय असंच मला वाटलं. त्यात भर पडली ती खाणीच्या फेरीची. दसऱ्यानंतर सर खाणीवर जाणार होते. बरोबर एक जण लागणार होता.

"तिला नेतो," सर मला जिन्यात म्हणाले. "तुम्हाला तो चढ झेपायचा नाही. गुडघे दुखतात ना तुमचे?"

गुडघे दुखतात हे मीच कधीतरी सांगितलं होतं. त्याआधी दोनदा त्यांनी मला विचारलं होतं आणि मुलीची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण अशी कारणं देऊन मी नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा विचारतील असं मी धरून चालले होते.

पंधरा दिवसांनी तिची मोजणी पूर्ण झाली. सर कागद घेऊन खाली माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"हे बघा. जंगलाच्या मातीचा पट्टा एकदम खाली आलाय. वरच्या उताराचे आकडे तर जवळजवळ नाहीतच. तुमच्या मोजणीत असं कधी झालं नव्हतं."

मी कागद घेतला. आतून मला जो आनंद झाला, त्याला दुसरं नाव नाही.

"नवीन आहे ती," मी म्हणाले. "नजर बसायला वेळ लागतो."

"तुम्ही एकदा तिच्या काचा तपासता का? तिला बोलू नका, उगाच वाईट वाटेल."

शनिवारी आमची अर्धी सुट्टी असते. ती दुपारच्या लोकलने गेली. मी डबा खाल्ला, माझ्या खिडकीशी बसले आणि तिच्या काचांची पेटी उघडली. शेजारी तिची टिपणवही ठेवली. तिने प्रत्येक तुकड्यापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहिलं होतं, अक्षर शाळेतल्या बाईंसारखं.

पहिल्याच काचेवर मला निळा धागा दिसला. स्पष्ट, लांबच्या लांब. तिने पुढे लिहिलं होतं 'नाही'. दुसऱ्या तुकड्यात पुन्हा तेच. धागा आहे आणि ती म्हणते नाही. मी पेन्सिलने बाजूला फुल्या मारायला लागले. एक, दोन, पाच. इतकी खूश मी कित्येक दिवसांत नव्हते. सहाव्या तुकड्याला वाटलं, आता सरांना दाखवायला एक नीट मोठं करून ठेवावं, म्हणजे बोलायला जागा राहणार नाही. भिंग बदललं.

धाग्याला पेरं होती. उसाला असतात तशी, ठराविक अंतरावर आडव्या भिंती.

आम्हाला हवी असलेली बुरशी अशी नसते. तिचा धागा सलग असतो, आतून नळीसारखा मोकळा. पेरं असलेला धागा म्हणजे दुसरीच कुठलीतरी बुरशी. कुजणाऱ्या, अशक्त मुळात शिरणारी. झाडाला तिचा उपयोग नाही, उलट कधीकधी त्रासच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी सरांनीच शिकवलं होतं. धागा दिसला म्हणून मोजायचं नाही, आतली झुडपं दिसली पाहिजेत किंवा मण्यांसारख्या गोल पिशव्या. पहिली दोन-तीन वर्षं मी तसंच करत होते. मग काचा वाढत गेल्या, मोठं भिंग लावण्याचा कंटाळा यायला लागला, आणि निळं दिसलं की मी 'आहे' लिहायला लागले. कधीपासून, ते मला आजही सांगता येणार नाही. आणखी एक गोष्ट होती. आकडे चढले की सर चहा टाकायचे. मला चढलेले आकडे आवडत होते.

मी फुल्या मारलेल्या तिच्या सगळ्या तुकड्यांना मोठं भिंग लावलं. ती एकाही ठिकाणी चुकली नव्हती. मग उठून कपाटातून माझ्या गेल्या वर्षीच्या पेट्या काढल्या. वरच्या उताराची पेटी उघडली. पेरं. पुढची काच, पेरं. त्याआधीच्या वर्षाची पेटी, त्यातही निम्म्या तुकड्यांत पेरंच.

बाहेर पाऊस उघडला होता आणि खालच्या रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या लोणावळ्याकडे चालल्या होत्या, गाणी लावून. मी खोडरबराने तिच्या वहीतल्या फुल्या एकेक करून पुसल्या.

सोमवारी सरांनी विचारलं, "काय निघालं?"

रविवारभर विचार करून मी ठरवलं होतं, खरं ते सांगून टाकायचं. ती त्याच वेळी जिना चढून वर आली. केसांत अबोलीची वेणी, हातात मैत्रिणीकडून मागून आणलेले चढाईचे बूट. खाणीसाठी. ते बूट तिने माझ्याच टेबलाखाली ठेवले आणि म्हणाली, "ताई, बघा बरं, ढिगाऱ्यावर चालतील ना हे?"

"थोडा फरक आहे," मी सरांना म्हणाले. "पुन्हा बघायला लागेल."

एवढंच बोलले. खोटं असं त्यात काही नव्हतं. पण सरांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि ते घेणार हे मला माहीत होतं. त्यांनी तिला खाली बोलावलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. सर ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत. त्यांचा आवाज फक्त कोरडा झाला. "मोजताना घाई झाली का? दहा वर्षांचं काम आहे हे." ती म्हणाली, "सर, मी प्रत्येक तुकडा दोनदा बघितलाय." सर म्हणाले, "मॅडमनीही बघितलाय."  खाणीवर या वेळी मला न्यायचं ठरलं. तिने थोडी सवय करून घ्यावी, पुढच्या वर्षी बघू.

वर आल्यावर तिने टेबलाखालचे बूट उचलले आणि माझ्याकडे बघितलं. मी चिमटा पुसत होते.

दसऱ्यानंतर आम्ही निघालो. रेल्वेने विदर्भात, पुढे खाणीची जीप. मला वाटलं होतं की इतक्या वर्षांनी खाण बघताना काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. समोर जमिनीत गावं मावतील एवढा खड्डा होता आणि त्याच्या तळाशी मुंग्यांएवढे ट्रक. कडेने राखाडी डोंगर, आपल्याकडच्यासारखे नाहीत, कुणीतरी ओतून ठेवल्यासारखे. त्यातल्या एका डोंगरावर हिरवा पट्टा होता. आमचा.

तिथे झाडांची देखभाल करणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या वर्षापासून त्याच खड्डे खणायला, पाणी घालायला होत्या, आणि दरवर्षी पिशव्यांत मुळं भरून पाठवणाऱ्याही त्याच. पिशव्यांवरचं ते वाकडंतिकडं अक्षर मी दहा वर्षं वाचत होते. मी ओळख सांगितली तर त्या म्हणाल्या, "तुम्हीच का त्या? मला वाटे, कोणी डॉक्टर असेल."

खालच्या उतारावर जंगलाच्या मातीच्या पट्ट्यात शिसव माझ्या दुप्पट उंच झालेले होते. खाली पालापाचोळा पडला होता. मावशींनी तो बाजूला केला तर आत माती काळी, ओलसर, आणि हातात घेतली की गोळा होणारी. बारीक मुळं तिच्यातून लोंबत होती. शेजारच्या नुसत्या शेणखताच्या पट्ट्यात झाडं होती, पण माती मुठीतून वाळूसारखी निसटायची. मी दोन्ही हातांत दोन मुठी घेऊन उभी राहिले. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता पटलं? तुम्ही तिथे बसून हे मोजत होतात."

मग आम्ही वर चढायला लागलो. गुडघ्यांनी अर्ध्यातच सांगितलं की बास. मी दर दहा पावलांना थांबत होते. सर पुढे जाऊन वाट बघायचे. एकदा सहज बोलून गेले, "ती असती तर एव्हाना टोकाला जाऊन आली असती." एवढ्या लांब, तिचीच जागा घेऊन मी उभी होते, आणि तरी तिथेही तीच माझ्या पुढे होती.

वरच्या उतारावर झाडं कमरेएवढी. आवळ्याचे शेंडे वाळलेले. करंजाची पानं पिवळी. पट्टा तोच, जंगलाच्या मातीचा. पण उतारावरून पाण्याने पहिल्या दोन पावसाळ्यांत सगळं वाहून नेलं असणार. मावशी म्हणाल्या, "इथं मी पाणी घालते म्हणून हे जित्ते आहेत. उन्हाळ्यात एक दिवस चुकले की मान टाकतात."

खाणीचे एक अधिकारी आमच्याबरोबर होते. त्यांनी विचारलं, "सर, इथलं पाणी आणि आच्छादन किती वर्षं चालू ठेवायचं? पुढच्या ढिगाऱ्यावर माणसं लागणार आहेत आम्हाला."

सरांनी वाळलेल्या शेंड्यांकडे बघितलं. मग पिशवीतून आकड्यांचा कागद काढला. माझा, गेल्या वर्षीचा.

"दिसायला कमी वाढ आहे," ते म्हणाले, "पण मुळांत बुरशी चांगली बसली आहे. आकडे सांगतात. आता झाडं स्वतःच्या पायावर उभी राहतील. इथलं पाणी बंद करायला हरकत नाही. मावशींना नव्या ढिगाऱ्यावर घ्या."

 मावशींनी वाकून एका आवळ्याच्या बुंध्याशी सरकलेलं आच्छादनाचं गवत परत नीट लावलं.

"सर," मी म्हणाले, "पाणी बंद करू नका."

"का?"

"माझे आकडे चुकलेत."

ते हसले. "तुमचे कसे चुकतील? तिचे..."

"तिचे बरोबर आहेत. माझे चुकलेत. बरीच वर्षं. मी पेरं असलेले धागे मोजले. वरच्या उतारावर आपली बुरशी नाहीये, सर. तिने लिहिलंय तशीच आहे. म्हणजे नाहीच."

वारा सुटला होता. कागद सरांच्या हातात फडफडत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही तिच्या काचा तपासायला सांगितल्या, त्या शनिवारी."

ते तिथेच एका दगडावर बसले. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "पाणी चालू ठेवा. किती वर्षं ते मी लिहून कळवतो." माझ्याशी त्या दिवशी ते एवढंच बोलले, "जपून उतरा, मुरूम सुटा आहे."

परतीच्या गाडीत ते वरच्या बर्थवर पुस्तक घेऊन झोपले. मी खिडकीशी बसून होते. मोकळं वाटलं म्हणाल तर नाही वाटलं. मला सारखं एकच दिसत होतं, सर आता तळेगावला गेल्यावर तिच्याशी कसं बोलतील. तिची माफी मागतील. तिच्या टेबलाशी उभे राहतील. कबुली देऊनही माझा मत्सर जिथे होता तिथेच होता.

सरांनी तसंच केलं, आणि सगळ्यांसमोर केलं. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "मॅडमच्या कधी लक्षात आलं?" सर माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

दुपारी जेवायच्या वेळी मी तिला गच्चीवर गाठलं. मी सांगितलं. शनिवार, मोठं भिंग, पुसलेल्या फुल्या, सगळं.

तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चिडली की तिची पुस्तकी भाषा सुटायची आणि टाकव्याची यायची, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"म्हंजे सोमवारी मी बूट घेऊन आले, तवा तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"आन् तरी तुमी गप ऱ्हायला."

"हो."

"का? मी तुमचं काय केलतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तू काहीच केलं नव्हतंस."

"आमच्या घरी सासऱ्यांनी समद्यांना सांगितलं व्हतं, सूनबाई खाणीवर चालल्या. मग त्येंनाच जाऊन सांगावं लागलं, न्हाई जात, चुका केल्या म्हणून." तिने डबा उचलला. "मला लय वाटायचं, तुमच्यासारखं शांतपणे काम करता यावं." आणि ती खाली गेली.

त्या दिवसापासून ती मला ताई म्हणत नाही. मॅडम म्हणते. आदराने म्हणते, चारचौघांत कुणाला काही जाणवणार नाही.

दहा वर्षांच्या सगळ्या काचा पुन्हा मोजायच्या ठरल्या. सरांनी आम्हा दोघींना बसवलं. प्रत्येक काच एकीने बघायची, मग दुसरीने, एकमेकींचं न बघता, आणि शेवटी ताडून बघायचं. हिवाळाभर ते चाललं. पहिल्या आठवड्यात आमचे निकाल जुळेनात आणि प्रत्येक वेळी चूक माझी निघे. मला वाटे, उठावं आणि घरी जावं. नवरा म्हणाला, "मग जा सोडून." पण काचा माझ्या होत्या. मी दर तुकड्याला मोठं भिंग लावायला लागले, कंटाळा येवो की न येवो. संक्रांतीच्या सुमाराला आमच्या याद्या जुळायला लागल्या. एकदा एका करंजाच्या मुळात ती 'नाही' म्हणाली आणि मी 'आहे'. दोघींनी आळीपाळीने बघितलं. कोपऱ्यातल्या एका पेशीत अर्धवट मोडलेलं झुडूप होतं. तिने खोडून 'आहे' लिहिलं. तो दिवस माझा फार चांगला गेला, आणि तो तसा जावा याचीही मला लाज वाटली.

शेवटी जे निघालं ते असं. खालच्या उतारावर बुरशी खरंच परत आली होती, पण मी सांगत होते त्यापेक्षा कितीतरी हळू. वरच्या उतारावर जवळजवळ काहीच नव्हतं. सरांनी जिथे जिथे माझे आकडे दिले होते, तिथे पत्रं लिहून चूक कळवली. पत्रांत त्यांनी लिहिलं, 'आमच्या प्रयोगशाळेकडून'. माझा उल्लेख केला नाही. ते वाचून मला रडू आलं, आणि मी पाणी प्यायला खाली गेले.

खाणीवर वरच्या उतारासाठी वेगळं ठरलं. आडवे चर खणायचे, म्हणजे पाणी थांबेल, आणि खड्ड्यांत पुन्हा माती द्यायची. फक्त या वेळी जंगलातली नाही, तर खालच्या उतारावरच्या चांगल्या झाडांखालची माती उचलून वर न्यायची, तिथली बुरशी या ढिगाऱ्याला सरावलेली म्हणून. ही कल्पना तिची. मावशींनी ती पार पाडली. पुढच्या दसऱ्याला ती सरांबरोबर खाणीवर गेली, तेच बूट घालून. चार दिवस मी तिच्या टेबलाकडे बघायचं टाळलं. ती मावशींना भेटली असेल, टोकापर्यंत चढली असेल, सरांनी तिला खड्डा दाखवला असेल. मी हे सगळं सकाळी भाजी चिरताना, लोणावळ्याच्या गाडीची घोषणा ऐकताना, रात्री कूस बदलताना मनात बघत होते. वय झालं की हे कमी होतं म्हणतात. माझं झालेलं नाही.

ती परत आली ती मुळांच्या पिशव्या घेऊन. वरच्या उताराच्या पिशव्या तिने मला दिल्या. "हे तुम्ही बघा, मॅडम. मी खालचे बघते." यात मोठेपणा होता की नुसती कामाची वाटणी, मी विचारलं नाही.

मी धुतली, उकळली, रंगवली, मांडली. पहिल्या काचा रिकाम्या. पेरांचे धागे, आणि तेही कमी. चौथ्या काचेवर आवळ्याच्या एका तुकड्यात सलग निळी रेघ दिसली. मोठं भिंग लावलं. पेरं नव्हती. रेघेच्या मागे मागे गेले. ती एका पेशीत शिरली होती आणि आत बारीक बारीक फांद्या फुटून झुडूप झालं होतं, पूर्ण, कुठेही न मोडलेलं. शेजारच्या पेशीत दुसरं.

ती माझ्यापासून चार हातांवर, पाठमोरी बसली होती. तिला लगेच हाक मारायला हवी होती. मी नाही मारली. पाच-सात मिनिटं ते झुडूप मी एकटीनेच बघितलं. मग म्हटलं, "ये गं, हे बघ."

ती उठून आली. खुर्चीवरून मी बाजूला झाले. तिने भिंगाला डोळा लावला आणि काच हळूच पुढेमागे सरकवली.

"व्हय," ती म्हणाली. "आलं."